क्वेसर बघायला कशेळ्याला

माझी मुलगी सुजाता. क्वेसरवर, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांच्या झगझगीत केंद्रांवर, संशोधन करायला पाच वर्षं परदेशी जायचं म्हणते. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, "आधी एक दाखव. न बघता मी जुना टायरसुद्धा घेत नाही." एप्रिलअखेरच्या शनिवारी कशेळ्याला आकाशदर्शनात क्वेसर दाखवणार होते, म्हणून चौक गावातलं माझं गॅरेज लवकर बंद केलं आणि दोघं निघालो.

कर्जतपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खड्डे चुकवायचे की समोरच्या गाड्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. गाडी नसेल तर कर्जतहून शेअर जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. पाणी कशेळ्याच्या बाजारातच घ्या.

तिथंच नेट गेलं. टपरीवाल्याला विचारलं, "क्वेसर दाखवणार आहेत ते कुठं?"

"केसर? सरळ जावा, डाव्या हाताला बाग हाय."

गेलो. अर्धा तास आंब्याखाली! राखणदारीण म्हणाली, "केसर अजून कच्चा हाय रं दादा. हापूस बगा."

"बाई, आकाशातलं बघायचंय!"

"मंग खाली काय शोधता? दुर्बीणवाले शाळंच्या मागं हायत."

सुजाता हसून बेजार, मी तापलेला. शाळेमागे अंधार पडला होता आणि गुरू ग्रहाच्या दुर्बिणीला ही रांग. क्वेसरच्या दुर्बिणीला आम्ही दोघंच. डोळा लावला. एक ठिपका. शेजारी तसेच चार.

"हा?"

"त्याच्या डावीकडचा, पप्पा. दोनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे."

"आणि याच्यासाठी पाच वर्षं?"

"दिवा बघायचाच नाही हो. समोरून हेडलाइट आला की मधली धूळ दिसते ना? तसा वाटेतला वायू क्वेसरच्या उजेडावर खुणा सोडतो. असे लाखो दिवे तपासले की विश्वाचं जाळं उमगतं, कुठं दाट, कुठं रिकामं."

"थांब. धूळ माझ्या काचेवरची की त्याच्या तोंडापुढची, हे कसं कळतं?"

ती दुर्बीण सोडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मुलाखतीत हाच प्रश्न होता. वायू जितका लांब, तितकी त्याची खूण लाल रंगाकडे सरकलेली. सरकण्यावरून अंतर."

गुरूच्या रांगेतले दोघे-तिघे तिच्याभोवती येऊन उभे राहिले. मग आणखी काही. ती सांगत राहिली, एकदाही न अडखळता. मी मागे सरकून डास मारत ऐकत होतो.

जाणार असाल तर डासांचं मलम न्या आणि ठिपक्याकडून फार आशा ठेवू नका. माझी कंबर अजून धरलेली आहे.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "काय दिसलं?"

"दिसलं काही नाही," मी म्हटलं. "जाऊ दे तिला."