मनगटांवरून दुष्काळ ओळखणारी नसीमबी

जळकोटच्या नसीमबी मणेरणीचा हात फार हलका. बांगड्या भरताना बाईच्या तोंडून 'आई गं' कधी निघायचं नाही. नवरा गेल्यापासून पाठीवर बांगड्यांच्या माळांचं गाठोडं टाकून ती वाड्यावस्त्या पालथ्या घालायची.

ही निजामाच्या अमलातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली. तरी जळकोटच्या विहिरींत पाणी होतं, म्हणून गाव निर्धास्त होतं. उन्हाळ्यात बघू, असंच जो तो म्हणायचा.

संक्रांतीच्या तोंडावर नसीमबी माळावरच्या वाडीत गेली. नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या सारजाबाईनं हात पुढं केला. नेहमीच्या मापाची बांगडी, पण दाबावी लागलीच नाही. सरसर घसरत पार कोपरापाशी गेली. नसीमबीनं शेजारणीचा हात धरला, मग तिच्या जावेचा. सगळ्यांची तीच गत. वाडीतले बाप्ये मात्र अजून धडधाकट दिसत होते.

"पोरी, जेवतीस का न्हाय?"

सारजाबाई हसली. "उरलं तर जेवते की, मावशी."

नसीमबीनं गाठोडं बांधलं आणि तडक जळकोट गाठलं. महांतप्पा पाटलांच्या ओसरीपाशी उभी राहून म्हणाली, "पाटील, माळावर दुष्काळ आलाय."

"वाडीतून कुणी मागाया तर आलं न्हाय, नसीमबी."

"मागाया बाप्ये येतेत. उपाशी बाया हायेत. हात धरून बघितलेत म्या."

पाटील ओसरीवरून खाली उतरले. मग म्हणाले, "जमिनीतलं धान्याचं पेव उघडतो. घरोघर जवारी पोचवू."

"घरी नगा देऊ. घरात त्या पुन्हा सगळ्यांच्या मागूनच जेवतील. वाडीची विहीर गाळानं भरलीया. बायांना गाळ काढाया लावा, अन् दुपारी तिथंच कण्या शिजवा. कामाचं खायाला कुणाची मान खाली जायाची न्हाय."

तसंच झालं. सारजाबाईची सासू कस्तुराबाई मोठी मानी म्हातारी. पण गाळाची पहिली पाटी तिनंच उचलली. चुलीपाशी वाडीतलीच अयोध्या बसायची. नसीमबी जरा लांब, बाभळीखाली. कुणी आपला घास पदराला बांधून घरी न्यायला निघाली, की ती तिथूनच ओरडायची, "बस खाली! पोरांचं वेगळं काढलंय. हे तुझं हाय."

चैत्रात आजूबाजूच्या वस्त्या गुरंढोरं घेऊन परागंदा झाल्या. माळावरची वाडी हलली नाही. सारजाबाईचं दूध आटलं नाही, लेकरू जगलं.

पण ओढ्यापलीकडं एक वस्ती होती. तिथं बांगड्या फारशा खपत नसत, म्हणून त्या हिवाळ्यात नसीमबी तिकडं फिरकलीच नव्हती. उन्हाळ्यात गेली तेव्हा दोन घरांना कड्या होत्या, आणि हिरव्या बांगड्यांची हौस असलेली मैमुना मातीआड झाली होती. नसीमबी तिच्या दारात बसून पोटभर रडली.

पुढच्या साली तिनं पहिली फेरी ओढ्यापलीकडं केली. त्या वर्षी पाऊस बरा होता, तरी एकेकीचं मनगट हातात घेऊन पाहिलं. विकलं काहीच गेलं नाही. पुढंही दर मोसमात ती आधी तिकडंच जायची, आणि मग बाकीची गावं.