पासिंगची सातवी गाडी

त्या दुपारी मी जेवढा घाबरलो, तेवढा सबंध नोकरीत कधी घाबरलो नाही. दरोडेखोर पाहिले, दंगली पाहिल्या, तेव्हाही नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. लोक अजूनही त्याला ‘नवा जिल्हा’च म्हणत. दुष्काळ असा की आमचा निम्मा बंदोबस्त टँकरपुढच्या भांडणांत जायचा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी मोटार वाहन निरीक्षक महिन्यातून एकदा डाकबंगल्याच्या मैदानात कॅम्प लावायचे. लोक त्याला नुसतं ‘पासिंग’ म्हणत.

एका सकाळी लोहा गावाच्या रस्त्यावरच्या उतारावर एक दूधवाला मोटारसायकलसकट पुलाच्या कठड्यावर आदळून मेला. पंचनामा मीच केला. गाडी आठ दिवसांपूर्वीच पास झालेली, म्हणून अपघाताचं कारण मी बिनदिक्कत ‘भरधाव वेग’ लिहिलं आणि सही ठोकली. कागद बघून निकाल द्यायला डोकं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक स्वतः ठाण्यात आले. अबोल माणूस. आधी दार लोटून घेतलं.

“फौजदारसाहेब, जुनी गाडी पहिल्या फेरीत सहसा पास होत नाही. कुणाचा ब्रेक, कुणाचा हॉर्न, काही ना काही निघतंच. पण बसस्टँडमागच्या एका मिस्त्रीकडून आलेली गाडी मी आजवर परत पाठवलेली नाही. दूधवाल्याची त्याच्याकडचीच.”

“हात चांगला असेल त्याचा,” मी म्हणालो.

“मलाही तेच वाटायचं. पण गेल्या कॅम्पात सकाळी एका गाडीच्या पुढच्या टायरला चंद्रकोरीसारखी चीर पाहिली होती. दुपारी दुसरी गाडी आली, तिलाही तीच चीर. तेव्हा डोक्यात शिरलं नाही.”

अपघाताची गाडी ठाण्याच्या आवारातच पडली होती. मी पुढचं चाक उघडायला लावलं. ब्रेकचं लायनर पार पत्र्याला टेकलेलं, टायर तुळतुळीत. आठ दिवसांत कुठलंही लायनर एवढं झिजत नाही.

मिस्त्रीला आणलं. हात उगारायची गरज पडली नाही. नुसतं लायनर टेबलावर ठेवलं आणि गप्प बसलो. गप्प बसलेला पोलीस लोकांना जास्त जड जातो, हा माझा अनुभव.

“साहेब, गावात नवरदेवाचा कोट एकच ऱ्हातो. ज्याचं लगीन त्यानं घालायचा, दुसऱ्या दिशी परत. तसंच हाय हे. दोन चाकं चांगली ठेवली, ब्रेकसकट. पासिंगच्या दिशी लावायची, पुन्हा काढायची.”

“आणि मालक?”

“सांगत होतो की, ब्रेक टाकून घ्या. पाऊस पडल्यावर बघू म्हणून राहिले समदे.”

गेल्या कॅम्पातल्या सहा गाड्या त्यानं सांगितल्या. त्यातली एक दूधवाल्याची. बाकीच्या पाच बिनब्रेकच्या रस्त्यावर फिरत होत्या. मी लगेच माणसं पिटाळली. एक दवाखान्यापाशी सापडली, एक बाजारात. दुपारी बारापर्यंत पाचही आवारात उभ्या होत्या.

“आणखी?”

“न्हाई साहेब.”

पण उत्तर देताना तो माझ्याकडं बघत नव्हता. दारात उभ्या असलेल्या माझ्या हवालदाराकडं बघत होता. हवालदाराच्या कपाळावर घाम. माणूस ज्याला भितो त्याच्याकडं आधी बघतो. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

“साहेब, सातवी तुमचीच हाय.”

कॅम्पाच्या सकाळी मीच हवालदाराला सुनावलं होतं, माझी गाडी आजच्या आज पास करून आण, सबब सांगू नकोस. मिस्त्री म्हणाला होता चार दिवस लागतील. हवालदाराची ते मला सांगायची छाती झाली नाही. तीच चाकं लावून गाडी पास करून आणली, नंतर ब्रेक टाकून घेऊ म्हणाला आणि बंदोबस्तात विसरला. मी जीपनंच फिरायचो, गाडीला हातही लावला नव्हता.

त्याच सकाळी माझा धाकटा भाऊ ती गाडी घेऊन लोह्याला निघाला होता. त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. मागं त्याची बायको, पुढं टाकीवर चार वर्षांची मुलगी. किल्ली मीच दिली होती. “नुकतीच पास झालीय, बिनघोर जा,” असंही वर म्हणालो होतो.

लोहा ठाण्याला बिनतारी संदेश केला. उत्तर आलं, अशी गाडी दिसली नाही. मी जीप काढली. ड्रायव्हरला जोरात म्हणावं की हळू, कळेना. जोरात गेलं तर रस्त्याकडेच्या चारीत पडलेलं काही दिसायचं राहील. पुलापाशी आलो तर घोळका उभा. खाली उतरून घोळक्यात शिरलो. एका म्हातारीनं विचारलं, “टँकर कवा येणार हाय साहेब?” सगळे घागरी घेऊन उभे होते.

पूल ओलांडून चढ चढलो. पलीकडच्या लांब उतारावर भावजय मुलीला कडेवर घेऊन चालत होती. मागं भाऊ गाडी गिअरमध्ये टाकून, दोन्ही हातांनी मागं ओढत उतरवत होता.

“काय झालं, बाई?”

“निघाल्यापासून हे पायानंच गाडी थांबवून राहिले, भाऊजी. पूल कसा पार झाला आमचं आम्हाला ठावं. म्हणलं, पुढं आणखी उतार हाय, आम्हाला उतरू द्या. हे म्हणले, दादानं पास करून घेतलीय. म्हणलं, पास असंल, पण टाकीवर लेकरू बसलंय.” मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, “तुम्ही कसं काय इकडं?”

“लोह्याला काम होतं,” मी म्हणालो.

तिघांना लोह्याला पोचवून संध्याकाळी ठाण्यात आलो. हवालदार हळूच म्हणाला, “साहेब, सहाच लिहू. सातवीनं कुणाचं काय वाईट केलं?” खोटं कशाला बोलू, मी पेन हातात धरून बराच वेळ विचार केला. मग सातवी लिहिली, मालक म्हणून माझं नाव लिहिलं. दूधवाल्याच्या पंचनाम्यातलं कारण चुकीचं होतं, असा अहवाल वर पाठवला. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला, तो वाजवीच होता. ‘आजच्या आज’ म्हणणाऱ्या साहेबाला हाताखालचे लोक काम झाल्याचं सांगतात, ते कसं झालं हे सांगत नाहीत. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, आणि त्यासाठी एक माणूस मरावा लागला.

भावजयीला खरं सांगायला आणखी महिना गेला. भावाच्या घरी बसलो होतो, पुतणी माझ्या मांडीवर खेळत होती. गाडीत ब्रेक नव्हता, घाईनं पास करून घ्यायला मीच लावलं होतं, सगळं सांगितलं. भावजयीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुतणीला माझ्या मांडीवरून उचललं आणि आत घेऊन गेली.