स्क्रूची शेळी

माझी नात पाच वर्षांची असताना तिने घरातला टेबलफॅन खोलला. जाळी, पाती, मोटार, खालची चार रबरी पावलं, सगळं सतरंजीवर ओळीने मांडलं आणि मग परत जोडलं. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तिचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव, सरकारी कचेरीत फायली सांभाळणारा माणूस. त्याला उरलेली वस्तू बघवत नाही. तो म्हणाला, "कारखान्यातल्या लोकांना काय वेड लागलं होतं म्हणून त्यांनी हा घातला?" तिने बटण दाबलं. पंखा फिरला. वर तीन वर्षं जी कुरकुर करत होता तीही बंद झाली.

"आता?" ती म्हणाली.

तेव्हापासून तिचं नाव स्क्रू पडलं. पुढे रेडिओ झाला, मिक्सर झाला, शेजारच्या शिंप्याचं मशीन झालं. दर खेपेला एखाददुसरा स्क्रू उरायचा आणि तो ती काचेच्या बरणीत टाकायची. इस्त्रीच्या बाबतीत मात्र तिचा अंदाज चुकला आणि माझ्या कोटाच्या पाठीवर होडीच्या आकाराचा डाग कायमचा बसला. तो कोट मी अजून घालतो. कुणी विचारलं तर सांगतो, नातीचं पहिलं संशोधन आहे.

मोठी झाली, शिकली आणि बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत लागली. चिरंजीव तिची खुर्ची बघायला खास रजा काढून गेले. परत येऊन आईला सांगतात, "चाकांची आहे. मागे डोकं टेकवायची सोय आहे." चार वर्षं ती त्या खुर्चीत बसली. मी एकदा विचारलं, "तिथे करतेस काय गं?"

"आजोबा, माणसाने चुकीचा पासवर्ड टाकला की लाल अक्षरं येतात ना? ती माझी."

"नुसती लाल?"

"नुसती लाल."

मला पोरीची काळजी वाटायला लागली.

मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी नोकरी सोडली. आम्ही सहा जण मिळून व्हिडिओ गेम काढणार. कंपनी माझी."

चिरंजिवांच्या हातातला घास हातातच राहिला. "लोकांना काय सांगू मी? एकोणतीस वर्षांची मुलगी काय करते, तर खेळते?"

"तुम्ही कचेरीत पत्ते खेळता ते सांगता का?" सूनबाई म्हणाली. ती बोलते कमी, पण बोलते तेव्हा जागा बघून बोलते.

चिरंजीव गप्प बसणारे नव्हेत. ते गेले थेट स्क्रूच्या जुन्या साहेबांकडे. साहेब भला माणूस. म्हणाला, मुलगी हुशार आहे, दोन वर्षांनी परत आली तरी खुर्ची देतो. चिरंजिवांनी घरी येऊन रीतसर कागद केला. दोन वर्षांत खेळ बाजारात नेणारी कंपनी मिळाली नाही तर स्क्रूने मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसायचं. खाली तिची सही, ह्याची सही, साक्षीदार मी. कागदाला भोक पाडून फाइलला लावला. बाप-लेकीत कागद झालेला मी तरी पहिल्यांदाच बघत होतो, पण साक्षीदाराला चहा मिळाला म्हणून मीही काही बोललो नाही.

त्यांचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिन्यापासूनच रबराचा वास. खाली टायर ठोकायला लागले की वर काम थांबायचं, कारण शेळीचा आवाज रेकॉर्ड करताना मध्येच हातोडा यायचा. शेवटी वैतागून त्यांनी हातोडाच वापरला. खेळात शेळी पडल्यावर जो धप्प आवाज येतो तो त्या टायरवाल्याचा आहे. त्याला अजून माहीत नाही.

हो, शेळी सांगायची राहिली. खेळ असा, की कळप डोंगराच्या माथ्यावर गेलाय आणि एक शेळी खाली मागे राहिलीय. तिला वर पोचवायचं. बस, एवढंच. शेळी काढली होती त्यांच्यातल्या चित्रकार बाईने, आणि ती पळायची-पडायची कशी हे कॉम्प्युटरला शिकवलं होतं एका तिशीतल्या गृहस्थाने. त्याच्या भिंगांची जाडी बघून सगळे त्याला चष्मा म्हणत.

ह्या मंडळींचा एक नियम होता. आपल्यातल्या कुणी एखादा भाग सहज पार केला, की दुसऱ्या दिवशी तो अवघड करायचा. कुणाला सोपी वाट सापडली, की त्या वाटेवर दगड ठेवायचा आणि दगडाला शोधणाऱ्याचं नाव द्यायचं. हा मोठा मान. चष्म्याच्या नावाचे अकरा दगड होते आणि तो ते आल्यागेल्याला दाखवायचा. सहा जण दोन वर्षं रोज हेच करत होते, आणि रोज जास्त पटाईत होत होते. आपला खेळ बाहेरच्या माणसाच्या हातात द्यावा, हे सहा पदवीधरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दोन वर्षं संपायला बारा दिवस राहिले तेव्हा बाहेरचं माणूस आलं. मोठ्या कंपनीच्या बाई. खेळ जगभर पोचवणं हे त्यांचं काम. त्या हो म्हणाल्या तर खेळ बाजारात, नाही म्हणाल्या तर स्क्रू खुर्चीत. दुसरं कुणी बोलावूनही आलं नव्हतं. बाई वीस मिनिटं खेळल्या आणि शेळी पहिल्याच खड्ड्यात वीस वेळा पडली. बाईंनी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "चित्रं सुंदर आहेत."

स्क्रूने हे मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मला आमचे गावच्या शाळेतले मास्तर आठवले. माझ्या गणिताच्या वहीवर ते नेहमी "अक्षर छान" असा शेरा द्यायचे.

"पुढच्या गुरुवारी परत येते म्हणाल्या. शेवटचं," स्क्रू म्हणाली. "चष्मा म्हणतो बाईंचा अंगठा जड आहे."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती बरणीतले स्क्रू टेबलावर ओतून आकाराप्रमाणे लावत बसली.

सोमवारी आमच्या घराला रंग लावायचा होता. आमची ही म्हणाली, "तुम्ही रंगाऱ्यांना गोष्टी सांगत बसलात तर दिवाणखान्यासकट सगळ्या भिंती वर्षभर ओल्या राहतील." आणि मला नातीबरोबर हाकललं. ऑफिसात मला एका कोपऱ्यात बसवलं. तासाभरात माझ्या तीन गोष्टी सांगून झाल्या आणि एकाचंही काम पुढे सरकेना, तेव्हा चष्म्याने मला गप्प करायला म्हणून दोन शिंगांचा एक रिमोट हातात दिला. "आजोबा, खेळा."

मी खेळलो. धप्प. परत खेळलो. धप्प. पडद्याच्या कोपऱ्यात पडण्याचा आकडा येत होता. दहापर्यंत सगळे हसत होते. विसाला हसू कमी झालं. त्रेचाळिसाव्या वेळी खोलीत मी आणि टायरवाला सोडून कुणाचाच आवाज नव्हता. स्क्रू स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसली होती.

"उडी मारा की, आजोबा," चष्मा म्हणाला.

"मी मारतोय. तीच तयार नाही."

"कोण?"

"शेळी. अरे, ती खाली बघत नाही, वास घेत नाही, सरळ धावत सुटते. ही शेळी आहे का टपाल घेऊन निघालेला माणूस?"

सातवीपर्यंत मी शाळेच्या आधी नऊ शेळ्या चारल्या आहेत. शेळी उडी मारत नाही असं नाही. कुत्रं मागे लागलं किंवा पलीकडे कोवळा पाला दिसला तर मारते. एरवी ती खड्ड्याशी थांबते, नाक फुरफुरवते, आणि बाजूने जाता येत असेल तर बाजूने जाते. आमच्या एका शेळीने मास्तरांच्या हजेरीपटाची अर्धी पानं खाल्ली होती. त्या वर्षी अर्धा वर्ग कागदोपत्री एकदाही गैरहजर नव्हता. पण वर्गात ती खिडकीतून उडी मारून आली नव्हती. दारातून आली होती, रीतसर.

हे सगळं सांगत सांगत मी शेळीला खड्ड्याच्या उजवीकडे वळवलं. तिथे भला मोठा दगड.

"हा कुणी ठेवला?"

चित्रकार बाई म्हणाली, "तो माझ्या नावाचा. पहिल्या महिन्यातला. मी तिकडून गेले होते म्हणून बंद केला."

"पलीकडे काय आहे?"

"गवत. आणि ओढा. पंधरा दिवस बसून काढला होता मी. नंतर कुणी बघितलाच नाही."

स्क्रूने कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि दगड मोजले. चौसष्ट भरले.

"दगड काढायचे," ती म्हणाली.

चष्मा उभाच राहिला. "गुरुवार तीन दिवसांवर आलाय. एका दगडाच्या आधारावर दुसऱ्याचा हिशोब आहे. एक काढला तर डोंगर बसेल. आणि समजा नाही बसला, तर उद्या कुणीही जिंकेल."

"कुणीही म्हणजे?"

"कुणीही म्हणजे..." त्याने माझ्याकडे बघितलं आणि थांबला.

"बोल बोल," मी म्हणालो. "माझा अंगठा जड आहे, कान हलके आहेत."

"खड्डा मी काढत नाहीये," स्क्रू त्याला म्हणाली. "ज्याला उडी मारायची तो मारेल. बाजूची वाट फक्त उघडते. शेवटी खुर्चीत मी जाणार आहे, तू नाही."

तिने चित्रकार बाईच्या नावाचा दगड उचलला आणि बटण दाबलं. डोंगर जागच्या जागी. मी शेळीला उजवीकडे नेलं. गवतातून वाट होती, पुढे ओढा होता, आणि त्या ओढ्यात आभाळ हलत होतं. दोन वर्षं तो तिथे वाहत होता, कुणी बघत नसताना.

"पंखा फिरला," मी म्हणालो. बाकीच्यांना काही कळलं नाही. स्क्रूला कळलं.

मग तीन दिवस मी नोकरीवर. मी जिथे अडकेन तिथला दगड हलवायचा. चष्मा प्रत्येक दगडासाठी भांडला, आणि माथ्याजवळचे चार त्याने राखलेच. मधल्या वेळात त्याने शेळीला खड्ड्याशी थांबून खाली बघायला शिकवलं. कुणी सांगितलं नव्हतं. नाक फुरफुरवण्याचा आवाज माझा आहे. त्याचे पैसे मी मागितले नाहीत.

गुरुवारी बाई आल्या. चिरंजीवही आले, काखेत फाइल. मी मध्ये बोलू नये म्हणून मला आमच्या हिच्या गळ्याची शपथ घातली होती, त्यामुळे मी नुसता बसून होतो. हे वाक्य आमच्या घरात अजून कुणाला खरं वाटत नाही.

शेळी पळत आली, खड्ड्याशी थांबली, तिने खाली वाकून बघितलं. बाईंनी उडी मारली. धप्प. परत. धप्प. चिरंजिवांनी फाइलची नाडी सोडली. स्क्रूने दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून धरले होते. तिसऱ्या वेळी शेळी थांबली, आणि बाईही थांबल्या. मग त्यांनी शेळीला उजवीकडे वळवलं.

ओढ्याशी त्यांनी तिला गवत खाऊ दिलं. बराच वेळ. पुढे जायची काही घाईच नाही. तासाभराने शेळी अर्धा डोंगर चढली होती आणि बाईंनी पाणी मागितलं नव्हतं. मग एकदम म्हणाल्या, "तो पहिला खड्डा उडी मारून ओलांडता येतो का कुणाला?"

"येतो," चष्मा म्हणाला.

"मग मला मागे जाऊ दे." त्या मागे गेल्या आणि नऊ वेळा पडल्या. दहाव्या वेळी शेळी पलीकडे पोचली. बाईंनी चष्म्याकडे बघून जीभ दाखवली. एवढ्या मोठ्या कंपनीची बाई. चष्मा लाजला, मी बघितलं.

"घेते," बाई स्क्रूला म्हणाल्या. "कागद पाठवते."

चिरंजिवांनी फाइल मांडीवर घेतली, पेन काढलं, समासात तारीख घातली आणि लिहिलं, "प्रकरण निकाली." मग घसा खाकरून म्हणाले, "साहेबांना खुर्चीचं काय सांगू?"

"दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं," स्क्रू म्हणाली. "डोकं टेकवायची सोय आहे हे सांगायला विसरू नका, बाबा."

खेळ जगभर गेला. शेवटी काम करणाऱ्यांची यादी येते, तिच्यात सगळ्यात खाली लिहिलंय: सर्वांत वाईट खेळाडू, आजोबा. त्या पदावर माझी रीतसर नेमणूक झाली. दर सोमवारी जायचं, नवा खेळ खेळायचा, जिथे पडेन तिथे त्यांनी खूण करायची. चष्म्याने ओढ्याकाठी माझ्या नावाचा दगडही बसवला. वाटेत नाही, बाजूला, शेळीला वर चढून बसता येईल असा. माणसाच्या नावाचा दगड बसतो तो साधारण मेल्यावर. माझा आधीच बसून तयार आहे, घरच्यांचा एक खर्च वाचला.

पण चूक माझीच. मी घरी चोरून सराव करत होतो. गेल्या महिन्यात त्यांचा तिसरा खेळ आला आणि मी तो पहिल्याच झटक्यात शेवटापर्यंत नेला. मला वाटलं, टाळ्या पडतील.

"आजोबा," स्क्रू म्हणाली, "तुम्ही आता कामाचे राहिला नाहीत."

एकोणऐंशीव्या वर्षी, काम शिकलो म्हणून, मला कामावरून काढलं. माझ्या जागी त्याच दिवशी चिरंजिवांना घेतलं. ते नुकतेच निवृत्त झालेत आणि तिथे चाकांची खुर्ची आहे. पहिल्या दिवशी मी दुपारी फोन केला.

"काय रे, पहिला खड्डा ओलांडलास का?"

"थांबा हो, आप्पा," चिरंजीव म्हणाले. "अजून सूचना वाचतोय."