अजून जड पायजे

“मावशी, अजून जड पायजे,” असं म्हणून ती उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटायची. जिन्यात उभी असली तरी आपटायची, नळावर बादली भरत असली तरी आपटायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खोलीतला पंखा हलका वाटतो की काय हिला. ती आवाजाबद्दल बोलत होती.

कसबा बावड्यात आमचा मिरची कांडायचा डंक आहे. हे गेल्यापासून मीच चालवते. डंकाच्या वर एक खोली आहे, तिथे ती अडीच वर्षं भाड्याने राहिली. मूळची मलकापूरची, जैनाघरची. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान. इथे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. अंगाने बारकी, डोळ्यांना चष्मा, केसांत पेन्सिल खोचलेली. सकाळी पांढरा ड्रेस घालून निघाली की शेजारच्या बायकांना वाटायचं, ही भजनं म्हणत असणार.

ती गिटार वाजवायची, आणि त्यातही मेटल नावाचा प्रकार. तुम्ही ऐकला नसेल तर सांगते. पत्र्याच्या छपरावर कोणीतरी दगड ओतावेत तसा आवाज, पण सगळा तालात.

“दिवसभर रसाची गोडी मोजायची आणि घरी येऊन जड शोधायचं, असलं माझं हाय,” ती म्हणायची. आमच्या कोल्हापुरात मुली ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, तीही तशीच बोलायची. मी मात्र तिच्याशी फार बोलत नसे. मला माणसांसमोर शब्द सुचत नाहीत. ती दहा वाक्यं बोलली की मी एक “हं” म्हणायची, आणि तेवढ्यावर आमचं चांगलं चाललं होतं.

कांदा-लसूण न खाणारी मुलगी, आणि खाली दिवसभर कांदा-लसूण चटणी कुटली जायची. तिने कधी नाक मुरडलं नाही. शिंकायची मात्र खूप. जिना उतरताना ओढणी नाकाला लावून विचारायची, “आज लवंगी हाय न्हवं?” शिंकांवरून ती मिरची ओळखायची आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायची. तिची बिनकांदा-लसणाची चटणी मी सकाळी सगळ्यांत आधी, उखळ घासूनपुसून घेतल्यावर कुटत असे. हे मी तिला सांगितलं नव्हतं. एकदा तिनेच लवकर उठून जिन्यातून पाहिलं. त्या दिवसापासून कारखान्यातून येताना माझ्यासाठी वर्तमानपत्र आणायला लागली. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण वाचायला मला आवडतं हे तिला कसं कळलं कोण जाणे.

तिच्याकडे एक यंत्र होतं, आपल्या पाट्याएवढं. त्यावर पायाने दाबायची बटणं, हाताने फिरवायच्या कळा आणि एक छोटा पडदा. गिटारची वायर त्यात जायची. मोठमोठ्या स्पीकरपेट्यांचे आवाज त्यात भरून ठेवलेले असतात, असं तिने मला समजावलं. खऱ्या पेट्या घेतल्या तर खोलीत माणसाला जागा उरणार नाही, आणि आळीतले लोक एक दिवसही राहू देणार नाहीत. म्हणून हे यंत्र. ती कानाला हेडफोन लावून वाजवायची. त्यामुळे खाली मला फक्त तारांची टिकटिक आणि टाचेचा ठोका ऐकू यायचा. छतावर ठोका पडला की मी समजायची, पोरगी घरी आली, जेवली आणि बसली.

त्या उन्हाळ्यात ठोका बिघडला. दोन ठोके पडायचे, मग थांबायचे. पुन्हा दोन, पुन्हा बंद. मिरचीचा हंगाम होता, डंकावर गर्दी होती, तरी माझा एक कान वरच असायचा.

मग एका बुधवारी ती खाली येऊन मिरचीच्या पोत्यावर बसली आणि सगळं सांगितलं. तिचा चौघांचा बँड होता, बाकीचे तिघे तिच्या कॉलेजातले. दर रविवारी कळंब्याला, एकाच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ते सराव करायचे. पुढच्या महिन्यात शहरात मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. आणि गेले तीन रविवार ते तिला म्हणत होते, की तुझी गिटार ऐकूच येत नाही. ड्रम सुरू झाला की ती त्यात बुडून जाते. खोलीत तर तिला जबरदस्त ऐकू यायचं. म्हणून ती दर आठवड्याला यंत्रातल्या कळा आणखी वाढवून न्यायची आणि दर रविवारी आणखी बुडायची. आता त्यांनी सांगितलं होतं, हा रविवार शेवटचा. नाही जमलं तर कार्यक्रमाला बेळगावचा एक मुलगा वाजवेल.

“बँडचं नाव मी ठेवलोय मावशी,” ती म्हणाली. “त्यातनंच मला काढायला लागलेत.”

मी “हं” म्हणाले.

गुरुवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर ती यंत्र, गिटार आणि हेडफोन घेऊनच खाली आली. म्हणाली, तुम्ही दिवसभर डंकाजवळ असता, जड कशाला म्हणतात ते तुमच्याएवढं कोणाला कळणार, ऐका. माझे हात मिरचीने लाल. मी नको नको म्हणत होते तोवर तिने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. तो घसरायला लागला म्हणून मी धरला, तर त्याच्या काळ्या गादीवर माझी दोन बोटं उमटली.

तिने वाजवलं. मी दचकले. मग नीट ऐकलं. खूप मोठा आवाज होता, पण सगळा एकात एक मिसळलेला. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. एक ठोका पुरा व्हायच्या आत त्याच्यावर दुसरा. मला तो आवाज ओळखीचा वाटला, आणि कुठला ते लगेच कळलंही.

“कसं हाय?” तिने विचारलं.

“चांगलं हाय,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोललेलं तिला कळलं. यंत्र छातीशी धरून ती वर गेली. त्या दिवशी छतावर एकही ठोका पडला नाही. दिवेलागणीपर्यंत मला स्वतःचाच राग येत राहिला.

शुक्रवारी सकाळी एक पाहुणे, आम्ही गिऱ्हाईकाला पाहुणेच म्हणतो, दोन पिशव्या भाजलेली मिरची घेऊन आले. मोठा आवाज, मोठी घाई. म्हणाले, एकदमच ओता सगळी, मला गाडी पकडायची हाय. असं म्हणणारे रोज येतात. मी ऐकत नसते. त्या दिवशी ऐकलं. दोन्ही पिशव्या उखळात रिकाम्या केल्या आणि मोटर सुरू केली.

डंक तुम्ही पाहिला असेल. मोटर लोखंडी मुसळ वर उचलते आणि सोडून देते. पडायचं काम ते स्वतःच्या वजनाने करतं. उखळ गच्च भरलं की त्याला पडायला जागाच राहत नाही. ते वरच्या वर गादीवर पडल्यासारखं पडतं, भस भस करत. आवाज भरपूर होतो, मिरची तशीच राहते.

तेवढ्यात ती कामावर निघाली म्हणून जिना उतरली. मी तिचा हात धरला. अडीच वर्षांत तो एकदाच धरला असेल. तिला डंकाजवळ उभं केलं आणि उखळाकडे बोट दाखवलं. भस, भस, भस. मग मोटर बंद केली. अर्ध्याहून जास्त मिरची काढून परातीत टाकली. पाहुणे ओरडायला लागले, “अवो मावशी, ओता म्हटलं तर काढताय काय?” मी तिकडे पाहिलं नाही. पुन्हा बटण दाबलं.

धप्प. मग काहीच नाही. मग धप्प. पायाखालची फरशी हादरली, फळीवरचे डबे हलले. तिचा चष्मा नाकावर घसरला, तो तिने वर केला नाही.

“मधी जागा ठेवायला लागती,” मी म्हणाले. पाहुण्यांसमोर, मोठ्याने.

ती तशीच उभी राहिली. दहा-बारा ठोके ऐकले असतील. मग शिंकली, वळली आणि कामावर जायच्या ऐवजी जिना चढून वर गेली. पाहुण्यांची गाडी चुकली नाही. चटणी बघून ते गप्प झाले.

तिने तेव्हा काय काय केलं ते नंतर मला सांगितलं. मला समजलं तेवढं लिहिते. आवाज फाडणारी जी कळ तिने पार शेवटापर्यंत नेली होती, ती अर्ध्यावर आणली. खालचा घुमारा यंत्रात शिरायच्या आधीच कापला, तो सगळं गढूळ करत होता. मधला आवाज तिने आधी जवळजवळ शून्यावर ठेवला होता, कारण एकटीने ऐकताना तसं गोड लागतं. तो वर आणला, कारण ड्रममधून वाट काढतो तो तोच. आणि हात थांबला की आवाजही दार लावल्यासारखा बंद व्हावा, अशीही एक सोय त्यात होती, ती लावली. वाढवलं थोडं, काढलंच जास्त.

शनिवारी छतावर ठोका पडत होता. ठोका, आणि मध्ये जागा.

रविवारी डंक बंद असतो. मी तरी खाली येऊन बसले. फळी पुसली, डबे पुसले, मग तेच डबे पुन्हा पुसले. बेळगावचा मुलगा डोळ्यांसमोर येत होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण उगीचच उंच आणि हसरा दिसत होता.

ती ऊन कलल्यावर आली. पाठीवर गिटार, चेहरा धुळीने भरलेला. दारातच उभी राहिली.

“बेळगावचा?” मी कसंबसं विचारलं.

“शेडमधनंच पोरांनी फोन लावला त्याला,” ती म्हणाली. “येऊ नको म्हणून सांगितलं.”

मी पोत्यावर बसले. तीही शेजारी बसली आणि हसायला लागली. हसता हसता शिंकायला लागली. मग मीही हसले. कशाला एवढं हसतोय ते दोघींनाही कळत नव्हतं. ड्रमवाला म्हणे पहिलं गाणं संपल्यावर काठ्या खाली ठेवून म्हणाला, नवीन यंत्र घेतलीस काय गं? तिने सांगितलं, व्हय, बावड्यात मिळतंय.

कार्यक्रमाला मी गेले नाही. एवढ्या लोकांत जायचं माझ्याने झालं नसतं, आणि तिने आग्रहही केला नाही. मध्येच तिथून फोन मात्र लावला, मला ऐकू यावं म्हणून. फोनमधून नुसती घरघर आली. ती घरघर मी संपेपर्यंत कानाला धरून बसले होते.

पुढच्या वर्षी तिला सांगलीकडच्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली. बँड सुटला नाही. महिन्यातून दोन रविवार ती कळंब्याला येते आणि परस्पर परत जाते. चटणीचा डबा कोणाबरोबर तरी पाठवते आणि मी तो भरून देते, सकाळच्या पहिल्या उखळाचा. वरच्या खोलीत आता नवराबायको राहतात. दोघंही पाय न वाजवता चालतात.

जाताना तिने जुना हेडफोन माझ्याकडे ठेवला. नवीन घेतला म्हणाली. मोबाईलला जोडायचा कसा ते दोनदा दाखवलं आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमातलं एक गाणं भरून दिलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोटर बंद करते आणि तो लावते. गादीवरचे लाल डाग निघालेले नाहीत, मी काढलेही नाहीत. गाणं सुरू होतं. ठोका पडतो, छातीत लागतो आणि तुटतो. मग थोडी जागा. त्या जागेत काहीच वाजत नसतं. खाली फरशीवरून माझी टाच उचललेली असते, पुढच्या ठोक्याची वाट बघत.