खळ घातलेला झगा

चादरीची एक बाजू इस्त्री होऊन दुसरी व्हायची होती, तेवढ्यात वन्संचा फोन आला. सोमवार म्हणजे फोन येणारच, पण तो दुपारी चारला. आज तर अकरासुद्धा वाजले नव्हते. मी चादर तशीच टेबलावरून लोंबत ठेवली.

"वाफेचा आवाज येतोय," वन्सं म्हणाल्या. "आधी बटण बंद कर, वहिनी. मग बोलू."

मी बटण बंद केलं. वन्संनी इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षं इस्त्री केली. त्यांच्या हाताखालून गेलेला डॉक्टरचा कोट आत माणूस नसतानाही उभा राहतो, असं तिथले लोक म्हणायचे. मला इस्त्री धरायला त्यांनीच शिकवलं, आणि अजून माझी घडी त्यांना पसंत नाही.

आम्ही ज्या मंडळीत जातो तिला लोक मॉर्मन म्हणतात. आमच्यात तरुण मुलंमुली दीड-दोन वर्षं परगावी प्रचाराला जातात, दारोदार फिरून देवाविषयी बोलतात. म्हाताऱ्यांनाही जाता येतं, पण फारसं कोणी जात नाही. वन्संना मूलबाळ नाही, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी अर्ज भरला. हे म्हणाले, "ताई, तू बोलायला लागलीस की समोरचा दार लावून घेतो. तू काय प्रचार करणार?"

"लावायला आधी उघडावं तर लागतं ना," वन्सं म्हणाल्या, आणि बॅगेची चेन ओढली.

तिथे त्यांना जोडीदार मिळाल्या एक निवृत्त मास्तरीणबाई, गणिताच्या. आमच्यात प्रचाराला कोणी एकट्याने जात नाही. दोघींनी एका खोलीत राहायचं, एकत्र निघायचं, एकत्र परतायचं. वयस्करांना नियम जरा सैल आहेत, पण या दोघी विशीतल्या पोरींपेक्षा कडक. आणि सख्य म्हणाल तर विळ्याभोपळ्याचं. वन्संनी घासलेली ताटली मास्तरीणबाई पुन्हा घासतात. मास्तरीणबाईंनी घडी घातलेला टॉवेल वन्सं उलगडून पुन्हा घालतात. मास्तरीणबाईंचा गुडघा धरतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं दार आलं की वन्सं जिन्यातच त्यांच्यासाठी थांबतात, आणि तोवर वरचा माणूस घराबाहेर पडलेला असतो.

नऊ महिने कोणी दोन वाक्यांपुढे ऐकलं नाही. दर सोमवारी मी विचारायचे, "काही?" त्या म्हणायच्या, "अजून नाही." 'अजून' कधी सुटलं नाही.

मग किल्लीवाली भेटली. रस्त्याच्या कोपऱ्यावर टपरी, त्यात किल्ल्या घासायचं यंत्र आणि एक स्टूल. वन्संची कपाटाची किल्ली मोडली म्हणून गेल्या आणि बसून राहिल्या. पुढे चार महिने दोघी तिला यंत्राच्या घरघरीत शिकवत होत्या. सगळं तिला पटलं, अडलं एका ठिकाणी. आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली जावा लागतो. आणि किल्लीवालीच्या हातातून लहानपणी तिची धाकटी बहीण कालव्यात निसटली होती. तेव्हापासून तिने डोक्यावर तांब्याने पाणी घेतलेलं नाही. ओलं फडकं फिरवते. एक दिवस ती वन्संना म्हणाली, "तुम्ही समोर उभ्या राहणार असाल तर उतरते."

परवाच्या नाही, त्याच्या आदल्या शनिवारी बाप्तिस्मा ठरला होता. त्या सोमवारी वन्सं फोनवर नुसतं "झालं नाही" म्हणाल्या आणि ठेवून दिला. काय झालं ते आज सांगितलं.

हौदाशी दोन साक्षीदार बसतात. वरून बघायचं, की शरीराचा आणि कपड्याचा एकही भाग पाण्यावर राहिला नाही. राहिला तर पुन्हा बुडवायचं. वन्सं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक गवंडी. घालायचा पांढरा झगा आदल्या दिवशी वन्संनी स्वतः धुतला, त्याला खळ घातली आणि इस्त्री फिरवली.

"खळ कशाला घातलीत?" मी विचारलं.

"पांढऱ्याला खळ नाही घालायची? तिच्या आयुष्यातला एवढा दिवस, आणि तिने चुरगळलेल्या कपड्यात उतरायचं?"

किल्लीवाली उतरली. दात वाजत होते. नाक धरलं, खाली गेली, वर आली. हसत होती आणि रडतही होती. "झालं ना?" म्हणाली. गवंड्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं. त्याने मान हलवली. वन्संनी हलवली नाही.

"घेर फुगला होता गं वहिनी. खळ होती ना, हवा धरून वरच राहिला. हातभर कापड कोरडं."

"पाणी हलतं, वन्सं. तुम्हाला तसं दिसलं असेल."

"मला कोरडं आणि ओलं कळतं. आयुष्यभर तेवढंच केलं."

त्या म्हणाल्या, पुन्हा करावं लागेल. किल्लीवालीने त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळी ती वाकेचना. अर्ध्यात नाकात पाणी गेलं, तिने बुडवणाऱ्याचा शर्ट धरून त्यालाही ओढलं, आणि पायऱ्या चढून तशीच बाहेर गेली. चपला हौदाशी राहिल्या. ओल्या झग्यात, अनवाणी, भर रस्त्यातून घरी.

"मास्तरीणबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चार महिने पाढे पाठ करून घेतले आणि परीक्षेच्या दिवशी पाटी फोडली. हातभर कापड देवाने पोटात घातलं असतं, म्हणाल्या."

"मग?"

"घातलंही असतं. पण मला तिथे बसवलं होतं बघायला. न बघायला नव्हतं बसवलं." मग म्हणाल्या, "खळही मीच घातली, कोरडंही मीच बोलले. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

आता या दोघी टपरीशी रोज जातात. किल्लीवाली लांबून बघते आणि यंत्र चालू करते, म्हणजे बोलणं ऐकू जाऊ नये. "यंत्रात किल्ली नसते," वन्सं म्हणाल्या. "नुसतं फिरवत ठेवते. आम्ही उभ्या राहतो आणि परत येतो."

इथे बसून मी काय करणार? एरवी मी फोनवरच त्यांच्याबरोबर प्रार्थना करते, पण आज देवाकडे मागायचं काय तेच कळेना. तिची भीती जाऊ दे म्हणू, की त्या क्षणी वन्संच्या डोळ्यांत पाणी का उडवलं नाहीस असं विचारू? दुसरा विचार आला त्याची क्षमा मी लगेच मागितली. पण आला होता.

मग आज एवढ्या लवकर फोन का, ते कळलं. मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्या या आठवड्यात घरी चालल्या. मंडळीतल्या वरच्यांनी वन्संना विचारलंय: दुसऱ्या गावी पाठवू, की तुम्हालाही घरी जायचंय? तिसरं हवं असेल तर इथेच नवी जोडीदार देता येईल. उत्तर आज संध्याकाळपर्यंत.

"हे तर कधीपासून म्हणतात, परत या," मी सांगितलं. "तुमची खोली रिकामीच आहे."

"तू काय म्हणतेस?"

मी चादरीकडे बघत राहिले. मी 'या' म्हणाले असते तर त्या आल्या असत्या, असं मला वाटतं. म्हणून बोलले नाही. 'राहा' म्हणायचाही धीर झाला नाही.

"शनिवारी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती," वन्सं म्हणाल्या. "आत झगा. हाताने धुतलेला, नुसता वाळवलेला, सगळा चुरगळलेला. चिठ्ठी नाही."

"म्हणजे येणार ती?"

"मास्तरीणबाई म्हणतात, याचा अर्थ तुमची वस्तू तुम्हाला, संपलं. मी म्हटलं, चपला अजून आमच्याकडे आहेत. तर म्हणतात, तुम्ही चपलांवर मंडळी चालवणार का."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत नाही, वहिनी. खरंच नाही कळत. येणारही नाही कदाचित." पलीकडे मास्तरीणबाई काहीतरी पुटपुटल्या, वन्संनी त्यांना "तुमची गोळी घ्या आधी" म्हटलं. मग मला म्हणाल्या, "मी इथेच राहते म्हणून कळवते. झग्याला खळ घालणार नाही. पण खालच्या पट्टीत वजन हवं. पडद्याच्या कडेत घालतात ना, शिशाची माळ? इकडे सगळी दुकानं शोधली, मिळत नाही."

"किती?"

"घेर मापलाय. चार हात. थोडी जास्तच पाठव."

फोन ठेवल्यावर मी इस्त्रीचं बटण पुन्हा चालू केलं आणि बंद केलं. यांना संध्याकाळी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. चादर लोंबतेच आहे. पडद्याचं दुकान एकला बंद होतं. तिथून पाच हात शिशाची माळ घ्यायची आणि तशीच पोस्टात टाकायची.