तिताची टिचकी

दुपारी बेल वाजली तेव्हा मला वाटलं, तिताच असणार. दारात तिचा मुलगा रॅमन होता. "मॉम गेली," एवढंच म्हणाला आणि तिथेच उभा राहिला... अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या घरात राहणारी ही फिलिपिनो बाई. त्यांच्याकडे मावशीला तिता म्हणतात, म्हणून माझ्यासकट सगळ्या मजल्याची ती तिता. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला.

आमची ओळख झाली ती अंड्यांवरून. मी डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नाही. नवरा आदित्य ऑफिसला आणि लेक ईरा शाळेला गेली की चार भिंती आणि मी. एकदा ती अंडी मागायला आली. मी बॉक्स पुढे केला, तर ही एकेक अंडं कानाशी धरून त्याला टिचकी मारायला लागली. "आमच्या पातेरोसची खोड," म्हणाली. पातेरोस हे मनिलाला चिकटलेलं तिचं गाव. एवढंसं, की पायी निघालं तर बोलता बोलता संपतं. आजूबाजूच्या सगळ्यांची शहरं झाली, हे मधे अडकलेलं तेवढं गावच राहिलं. एके काळी तिथे नदीकाठी घरोघरी बदकं होती. मगरीपासून ती बदकं वाचवणाऱ्या संत मार्ताची जत्रा अजून भरते, मिरवणुकीत मगरही असते. आमच्या गणपतीला आली तेव्हा उंदराकडे बघून म्हणाली, "तुमचं बरंय, छोटं जनावर निवडलंत." पुढे नदी काळी पडली, बदकं गेली. अंडी आता बाहेरून ट्रकने येतात, पण ती उबवून, आत पिल्लू धरलं की उकडून विकायचा धंदा गावाने सोडला नाही. ऐकूनच मला कसंतरी झालं. ती पोट धरून हसली.

तिच्या आईचं काम टिचकीचं. खणखणीत वाजलं तर अंडं उबवायला जाणार. बद्द वाजलं तर ते चिरलेलं, आजच खायचं. "चिरलेल्याला थांबवून ठेवायचं नसतं," तिता म्हणायची.

स्वतः मात्र थांबून राहिली. मुलाकडे आली ती इथलीच झाली. व्हिसाची मुदत केव्हाच उलटलेली. एकदा बाहेर पडली की आत यायचा रस्ता बंद, आणि नातवंडं इकडे. दर वर्षी म्हणायची, पुढच्या जत्रेला नक्की. माझंही तसंच. बाबा नागपूरला अंथरुणाला खिळलेले, आणि परत यायला लागणाऱ्या व्हिसा स्टॅम्पिंगची, म्हणजे तिकडच्या वकिलातीतली, तारीख मिळेना. तारखेशिवाय गेले तर परत कधी येता येईल, कोण सांगणार? चहा घेताना मी फोनवर तारीख शोधायची, ती फोन नाकाशी धरून जत्रा बघायची. मला फार राग यायचा, कोणावर ते कळायचं नाही.

अखेर तिता पातेरोसला गेली. रॅमन अस्थी घेऊन गेला. "आता तिला परत यायचं नाहीये ना," तो म्हणाला, "त्यामुळे सगळं सोपं झालं."

तिची खोड मला लागलीय. परवा सकाळी ऑम्लेट करताना अंडं कानाशी धरलं. बद्द वाजलं.

"काय ऐकतेस यार?" आदित्यने विचारलं.

"नागपूरचं तिकीट बुक कर."

"स्टॅम्पिंगची डेट मिळाली?"

"नाही." 

त्याने हातातला कप खाली ठेवला. "आणि ईराची शाळा? अडकलीस तर?"

"तू आहेस ना इथे. रिटर्नचं नंतर बघू," मी म्हटलं, आणि ते अंडं आधी फोडलं.