चार मजल्यांचा बाजार

कोपरखैरण्यात आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या खिडक्यांना अजून पडदे लागले नव्हते. गिरगावातली चाळीतली खोली सोडून बाबांनी तळमजल्याची जागा घेतली ती माझ्यासाठी. लहानपणी मला पोलिओ झाला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत कुबडी आली. चाळीचा लाकडी जिना मी रोज चढायचे-उतरायचे, पण खाली आई श्वास रोखून उभी असायची. नव्या घरात दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट रस्ता होता. आई त्या एका गोष्टीवर इतकी खूश होती, की बाकी कशाची तक्रारच तिच्या मनात आली नाही.

तक्रारीसारखं बरंच काही होतं. रस्ते रुंद, दिव्यांचे खांब नवे, पण दुकान एकही नाही. किराणा हवा तर बोनकोडे गावात जायचं, भाजीला वाशी. बायका बसमधून उतरायच्या तेव्हा दोन्ही हातांतल्या वायरच्या पिशव्यांनी त्यांच्या तळव्यांवर लाल वळ उठलेले असायचे. पुढे चार मजले. लिफ्ट नव्हती. आमच्या खिडकीसमोरच जिन्याची पहिली पायरी होती. तिच्यावर पिशव्या टेकवून, पदरानं घाम पुसत उभी राहिलेली एक ना एक बाई मला रोज दिसायची.

मी तेव्हा घरीच होते. त्याआधी रबाळ्याच्या एका लहान कंपनीत टायपिस्ट होते. तिथे जाता यावं म्हणून बाबांनी एक जुनी स्कूटर घेऊन गॅरेजवाल्याकडून तिला मागे दोन जादा चाकं लावून घेतली होती. कंपनी बंद पडली आणि स्कूटर दारात उभी राहिली. मी रोज सकाळी ती पुसायचे. जायचं कुठेच नव्हतं, तरी पुसायचे.

सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केली. त्यांना दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून बजावलं होतं. नवरा न्हावा शेव्याला बंदरावर कामाला, पाळी कधी कुठली सांगता येत नसे. एका सकाळी मी स्कूटर पुसत असताना वरून आवाज आला.

"ताई, तुम्ही बाहेर निघालात का?"

मी वर पाहिलं. वहिनी गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तुम्ही आधी आडव्या व्हा बघू," मी म्हणाले. "काय हवंय ते सांगा."

"दूध संपलंय. आणि लिंबं मिळाली तर. सकाळपासून पोटात काही ठरत नाहीये."

मी निघालेच नव्हते, पण निघाले. बोनकोड्याहून दूध आणि लिंबं घेऊन परत आले आणि जिन्यापाशी येऊन थांबले. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात पिशवी, मग कठडा कशानं धरायचा? आई घरात नव्हती. मी खालून हाक मारली. वहिनी पुन्हा गॅलरीत आल्या, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून घेऊन आल्या. तिच्या टोकाला पिशवी बांधून त्यांनी ती खाली सोडली. मी दूध ठेवलं, लिंबं ठेवली. पिशवी हळूहळू वर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ती जाताना बघत होत्या.

"मलाही कोथिंबीर हवी होती गं," आजी म्हणाल्या.

आठवड्याभरात आमच्या बाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांतून दोऱ्या लोंबू लागल्या. कुणाला रवा, कुणाला कांदे, कुणाला मुलाच्या डब्यासाठी पाव. गॅलरीतून ओरडून सांगायचं आणि मी लक्षात ठेवायचं. माझं पाठांतर चांगलं होतं, फारसं कधी चुकलं नाही.

आईला मात्र ते रुचत नव्हतं. "लोक म्हणतील, अशा पोरीकडून ओझी वाहून घेतात," ती म्हणाली.

"ओझं गाडी वाहते, आई."

"आणि उद्या पडलीस तर?"

"चाळीच्या जिन्यावरून पडले का कधी?"

पुढे कितीतरी दिवस मी निघाले की ती दारात येऊन उभी राहायची.

मी पैसे घेत नव्हते. शेजारधर्म म्हणून चाललं होतं. एकदा वहिनींचे यजमान सामानाच्या पैशांबरोबर वर एक नोट देऊन म्हणाले, "ठेवा हो ताई, तुमच्या औषधपाण्याला होईल." माणूस भला होता, मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते इतकं लागलं, की हातातली नोट मी तशीच पुढे धरून राहिले.

"औषध मला लागत नाही," मी म्हणाले. "गाडीला पेट्रोल लागतं आणि माझा वेळ जातो. त्याचं मी ठरवून सांगते, तेवढं द्या. सगळ्यांनीच द्या."

त्यांचा चेहरा पडला, मग ते हसले. "बरोबर आहे. सांगा." त्या संध्याकाळी मी पिशवीमागे दर ठरवला आणि आजींपासून सगळ्यांना सांगितला. दोन घरांनी दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. बाकीच्यांनी नाही ठेवल्या. नोकरीचा पहिला पगार मिळाला तेव्हाही मला वाटलं नव्हतं, इतकं ताठ मला त्या आठवड्यात वाटलं.

बोनकोड्याच्या किराणा दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या. मी खाली स्कूटरवर बसून राहायचे आणि दुकानदार पायऱ्या चढून आलेल्या गिऱ्हाइकांना आधी द्यायचा. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक मावशी बसलेल्या असायच्या. गावातल्याच. हातात भरगच्च बांगड्या, आवाज खणखणीत. एक दिवस त्या उठल्या आणि दुकानदारावर कडाडल्या, "अरे, ती पोरगी कवापासून बसलीय तुला दिसत नाय? दे तिचं आधी!"

मग माझ्याकडे वळल्या. "एवढं सामान कोनाचं नेतेस?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हितून कशाला घेतेस? तुर्भ्याला जाऊ. तिकडं सस्तं मिलतं."

"मावशी, मला त्या गर्दीत आत जाता येणार नाही."

"तू गाडी चालव. आत मी हाय ना."

मावशींना पैशाची गरज नव्हती. शेती वसाहतीसाठी गेली, त्या पैशातून घरच्यांनी चाळ बांधली, दर महिन्याला भाडं येत होतं. पण तरुणपणी त्या स्वतःच्या शेतातली भेंडी आणि पडवळ टोपलीत घालून ठाण्याच्या बाजारात बसायच्या. "भाडं येतंय गं," त्या एकदा मागच्या सीटवरून म्हणाल्या. "पन बाजार गेला ना माझा."

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहिल्या दिवशी एका व्यापाऱ्यानं आम्हाला हातानं झटकलं. "पूर्ण गोणी घ्यायची तर घ्या, किलो-दोन किलोचा धंदा नाही इथं." मावशी बाहेर मला विचारायला आल्या. मी मनातल्या मनात घरं मोजली, कांदा सगळ्यांनाच लागत होता. "घ्या गोणी," मी म्हणाले. हमालानं गोणी पायांजवळ आडवी टाकली. परत येताना स्कूटर एका बाजूला ओढत होती, मावशी मागून "दमानं, दमानं" म्हणत होत्या आणि मी मोठ्यानं हसत होते. दुपारी आमच्या दारात कांद्याचे वाटे पडले. बायका वरून वाकून आपापला वाटा ओळखत होत्या. पुढे आजूबाजूच्या इमारतींतूनही निरोप यायला लागले.

आणि मग ते कलिंगड पडलं.

चौथ्या मजल्याची दोरी जुनी होती. कलिंगड जवळजवळ वर पोचलं होतं तेव्हा ती तुटली, आणि खाली सोसायटीच्या सेक्रेटरींची नवी स्कूटर उभी होती. पुढचा दिवा फुटला, सीटवर लाल गर. सुदैवानं खाली माणूस नव्हतं. मी दिव्याचे पैसे भरून दिले आणि माफी मागितली. पण सेक्रेटरी आधीपासूनच त्या दोऱ्यांवर चिडलेले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. रविवारी सभा, इमारतीत चालणाऱ्या धंद्याविषयी. स्थळ नेहमीचं, गच्ची.

सगळ्या सभा गच्चीवरच व्हायच्या. आमच्या घरातून बाबा जायचे. मी कधी गेले नव्हते आणि कुणी मला बोलावलंही नव्हतं. ह्या वेळी मी सेक्रेटरींच्या येण्याच्या वेळेला जिन्यापाशी उभी राहिले.

"सभा माझ्याबद्दल आहे," मी म्हणाले, "तेव्हा मी असणार. ती खाली घ्या."

"अहो, नेहमी वरच होते. तुमचे वडील असतील ना."

"धंदा वडिलांचा नाही."

ते जिना चढून वर गेले. रविवारी सकाळपर्यंत मला काहीच कळलं नव्हतं. मी नेसून तयार होऊन बसले. सभा वरच नेली तर बसत बसत, एकेक पायरी चढून जायचं असं मी ठरवलं होतं आणि ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण बाबा उठले, आमच्या घरातल्या खुर्च्या एकेक करून बाहेर नेऊन मोकळ्या जागेत मांडू लागले. ते पाहून पहिल्या मजल्यावरच्यांनी आपली सतरंजी आणली. आजी भिंत धरत खाली आल्या. वहिनी बाळाला घेऊन आल्या, सव्वा महिना नुकता झाला होता. शेवटी सेक्रेटरीही आले आणि सतरंजीच्या कडेला बसले.

ते म्हणाले, राहत्या जागेत धंदा करायचा नाही असा नियम आहे.

"माझा धंदा घरात नाही, गाडीवर आहे," मी म्हणाले. "घरात फक्त मी राहते."

लोक हसले. तेही किंचित हसले, पण मुद्दा सोडेनात. "आणि दोऱ्या? उद्या कुणाच्या डोक्यात काही पडलं तर?"

हे त्यांचं खरं होतं आणि मी ते तिथेच कबूल केलं. मग मी काय करणार ते सांगितलं. सगळ्या दोऱ्या मागच्या बाजूला, जिथे कुणी गाड्या लावत नाही. जाड सुती दोर, प्रत्येक घरानं आपला बदलायचा. जड वस्तू दोरीनं नाही, ती ज्यानं त्यानं खाली येऊन न्यायची. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका म्हणाले, गावच्या विहिरीवरची कप्पी पडून आहे, ती मी आणून बसवतो, म्हणजे ओढायलाही त्रास नको.

सेक्रेटरींनी मान वळवून इमारतीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. "मागच्या बाजूला म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून," ते म्हणाले.

"हो."

"मग आमचीही पिशवी त्यातच धरा."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. सतरंजी गुंडाळली गेली, आजींना दोघींनी वर नेलं. बाबा खुर्च्या आत आणत होते. शेवटची खुर्ची ठेवताना ते म्हणाले, "छान बोललीस." बाबा तोंडावर कौतुक करणारे नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायले. त्यानंतर आमच्या इमारतीच्या सगळ्या सभा खालीच झाल्या.

पुढची तीन-चार वर्षं आम्ही दोघींनी ते काम जोरात केलं. दिवाळीच्या आधी तर मावशी पोह्यांच्या आणि डाळव्याच्या गोण्यांवर बसूनच जेवायच्या. घरी टेलिफोन आला तो माझ्या नावावर घेतला. दुकानं वाढायला लागली तसं दोऱ्यांचं काम कमी होणार हे आम्हाला दिसत होतं. म्हणून मावशींनी आपल्या चाळीतला रस्त्याकडचा गाळा रिकामा केला आणि आम्ही भागीदारीत दुकान टाकलं. उद्घाटनाला नारळ कुणी फोडायचा यावरून आमचं भांडण झालं. मावशी म्हणाल्या तू, मी म्हणाले तुम्ही.

शेवटी मावशींनी नारळ माझ्या हातात कोंबला. मी स्टुलावर बसूनच तो दगडावर आपटला. पहिल्याच फटक्यात फुटला, आणि पाणी आम्हा दोघींच्याही साड्यांवर उडालं.